कोरडी ठेवलेली होडी

आमच्या मळवलीच्या घरामागं आवणी, म्हणजे भातलावणी, लागली की मी मागचं दार लावून घेते. सून हसते. म्हणते, "अम्मा, एवढी हवा येते मागून, सगळं हिरवंगार दिसतं, आणि तुम्ही दार काय लावून घेता?" तिला काय सांगायचं, कप्पाळ! पोटरीभर चिखलात ओळीनं वाकलेल्या बाया, पाठीवर इरली, आणि बांधावर रचून ठेवलेल्या भाताच्या रोपांच्या पेंढ्या. मुंबईची हौशी माणसं बंगल्यावर येतात, हे सगळं बघतात आणि म्हणतात, काय सुंदर! असेल सुंदर. मला त्या पेंढ्या बघवत नाहीत. बांधावरच्या मी कशाबशा सोसते. पण खाचरात पाणी तुंबलं आणि एखादी सुटी पेंढी त्याच्यावर तरंगायला लागली, की मी उठून दाराला कडीसुद्धा घालते.

मी लोणावळ्याच्या बाजारातल्या सुकटवाल्या इब्राहिमची मुलगी. आमच्या दुकानाचा पत्ता कुणाला विचारावा लागत नसे, नाक असलं की पुरे. बोंबील, सोडे, जवळा, बांगडे, सगळं वाळवलेलं, खारवलेलं. पनवेलच्या बंदरावरून माल यायचा आणि अख्खं मावळ तो पावसाळ्यासाठी भरून ठेवायचं. अब्बा गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी थट्टा करायचे. त्यांची ठरलेली थट्टा एकच होती. कुणी विचारलं, "माल ताजा आहे ना?" की ते म्हणायचे, "ताजा म्हणजे? अगदी ताजा वाळलाय!" लोक दर वेळी हसायचे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं ही थट्टा आम्हाला फार महाग पडली.

धरण झालं त्याला माझ्या लहानपणी थोडीच वर्षं झाली होती. मुंबईला वीज हवी होती, म्हणून आमच्या डोंगरातलं पाणी अडवलं, आणि त्या पाण्याखाली उंबरवाडी गेली. वाडीची माणसं अलीकडच्या उतारावर येऊन राहिली. त्यांची वरच्या अंगाची चार-दोन खाचरं तेवढी बुडायची राहिली होती, आणि ती नेमकी पाण्याच्या पलीकडे. म्हणजे घर इकडे, शेत तिकडे आणि मधे जुनं गाव. मावळात पाऊस एवढा, की माणूस निम्मं आयुष्य भिजलेलाच असतो. पण ते वरून पडणारं पाणी. पायाखाली थांग लागत नाही असं पाणी आमच्या लोकांच्या बापजाद्यांनी पाहिलं नव्हतं. धरणाच्या काठावर उभी राहिलेली म्हातारी माणसं मला आठवतात. एखाद्या अनोळखी माणसाला घरात शिरताना बघावं, तशी ती त्या पाण्याकडे बघायची.

त्यांच्यातलेच एक धोंडिबा आबा. अब्बांचे जिगरी दोस्त. ताडमाड उंच, बोलायला तिखट, आणि टापटिपीचे इतके, की सगुणामावशींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, जीव नकोसा व्हायचा. पाऊस तोंडावर आला की त्यांचा नांगर चुलीवरच्या आढ्याला जायचा, गाडीची चाकं सुटून गोठ्याच्या माळ्यावर चढायची, कुळव, त्याचं दिंड, सगळं धुरात. "लाकूड आन लेकरू, दोन्ही कोरडं ठेवावं," हे त्यांचं पालुपद. मावळात ते खरंच होतं. आमच्याकडच्या पावसात बाहेर राहिलेलं लाकूड दोन वर्षांत मऊ पडतं, बोटानं उकरलं तर भुसा निघतो. ज्याचं लाकूड कुजलं त्याची शेती बसली, इतका सरळ न्याय.

तो कार्तिक मला लख्ख आठवतो. पलीकडे भात पिकून वाकलं होतं आणि कापणारी माणसं अलीकडे. पाण्याला वळसा घालून जायचं तर भल्या सकाळी निघालेला माणूस दुपार कलताना पोचायचा. मग कापायचं कधी, आणि भारे डोक्यावर घेऊन परतायचं कधी? रानडुकरांना वळसा घालावा लागत नव्हता. आबांची दोन खाचरं त्यांनी नुसती लोळवून टाकली. किसन, आबांचा एकुलता एक मुलगा, ते बघून आला आणि आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाला, "चाचा, म्या मंबईला जातो. गिरणीत वळखीचा मानूस हाय. हितं डुकरांसाटी भात पिकवायचं, त्यापरीस कापडाचा साचा चालवलेला काय वाईट?"

आबा तिथंच तंबाखू मळत उभे होते. त्यांनी ती तोंडात टाकलीच नाही. गाव गेलं तेव्हा हा माणूस रडला नव्हता, असं अब्बा सांगायचे. त्या दिवशी मात्र त्यांचा चेहरा बघून मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच आले. "इब्राहिमभाऊ, होडी केवड्याला पडंल?"

झालं! तिथून पुढं सगळा महिना आमच्या दुकानात दुसरा विषय नव्हता. सुकट घ्यायला आलेला माणूस होडीबद्दल अक्कल सांगून जायचा. कुणी म्हणे, तेवढ्यात दोन बैलजोड्या येतील. कुणी म्हणे, बैल म्हातारा झाला तरी शेण देतो, होडी काय देईल? नाकापेक्षा मोती जड, असं तर प्रत्येक जण म्हणून गेला. अब्बांचं डोकं व्यापाऱ्याचं. ते म्हणाले, नुसती माणसं आणि भारे वाहायला होडी परवडायची नाही, पण मागं जाळं बांधून ओढणारी होडी घेतली तर धरणातली मासळी निघेल. पाण्यात मरळ, वाम नुसती माजली होती, आणि काठावरून गळ टाकून किती हाती लागणार? ओली मासळी बंगलेवाल्यांना, उरलेली वाळवून दुकानात. "अर्धी होडी माझी," अब्बा म्हणाले. "तुझा भात, माझी मासळी, आणि वल्हं किसनच्या हातात."

आबांच्या वाट्याचे पैसे कुठून येणार, हे सगळ्यांना माहीत होतं. बुडालेल्या जमिनीचे जे मिळाले ते त्यांनी तांब्याच्या गडूत घालून ठेवले होते आणि लग्नकार्यालासुद्धा त्याला हात लावला नव्हता. 'ती माजी जमीन हाय,' म्हणायचे. सगुणामावशींनी तो गडू पुढ्यात धरून ठेवला. त्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो.

"त्या पान्यानं घर खाल्लं, गोठा खाल्ला, देऊळ खाल्लं. आता ह्ये बी त्यालाच घालताय व्हय?"

"पान्याला न्हाई घालत," आबा म्हणाले. "पोराला घालतोय. पोरगं हितं ऱ्हातंय का ते बघ."

एवढाच त्यांचा हिशेब होता. होडी आली तर किसन राहील, नाही आली तर जाईल. बाकी जग बैलजोड्यांत मोजत होतं. मावशींनी गडू खाली ठेवला आणि पदरानं डोळे पुसत चुलीकडे गेल्या. आईचं मन, त्यांना तरी किसन कुठं जायला हवा होता?

पनवेलच्या बंदरावर काय झालं ते मी पाहिलेलं नाही. पण अब्बांनी ते त्या हिवाळ्यात इतक्यांदा सांगितलं, की मी तिथं होतेच असं वाटतं. ओहोटीच्या चिखलात ती नवी कोरी होडी कलंडून ठेवलेली होती. लहानशीच, दोन माणसांनी जाळं ओढावं अशी. आबांनी आयुष्यात फक्त बैल विकत घेतले होते, तेव्हा त्यांनी होडीही बैलासारखीच पारखली. तिच्याभोवती फेऱ्या मारल्या, बैलाच्या पुठ्ठ्यावर मारावी तशी तिच्या कुशीवर थाप मारली, वास घेतला, खाली वाकून पोट बघितलं. होडीचा मालक, कोळ्यांतला म्हातारा नाखवा, म्हणाला, "आबा, दात बघायचे राहिले की!" मग किमतीचं बोलणं निघालं, तेव्हा आबांनी खांद्यावरचं उपरणं हातावर पसरलं. आमच्याकडे बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालून बोटं दाबून सांगतात. नाखव्याला यातलं काय ठाऊक! त्याला वाटलं, म्हाताऱ्याच्या हाताला लागलंय काहीतरी. तो उपरणं उचलून आबांचा हात उलटासुलटा करून बघायला लागला. अब्बा हे सांगताना हसून हसून खोकायचे.

होडी विकायला का काढली, असं आबांनी विचारलं. नाखवा म्हणाला, मुलासाठी बांधली होती. मुलगा मुंबईला गोदीत चिकटला. आता घरी येतो तेव्हा म्हणतो, मासळीचा वास येतो. आबा ऐकून घेत राहिले. येताना गाडीत अब्बांना म्हणाले, "बिचारा! पोर गेलं म्हून होडी इकावी लागली त्याला." आपण बाजी मारली असं त्यांना वाटलं होतं, आणि का वाटू नये?

निघताना नाखव्यानं होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हात ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, एक ध्यानात ठेवा. हिला कोरडी नका ठेवू. होडी म्हणजे मासळीच. पाण्याबाहेर जगत नाही."

त्यावर आमचे अब्बा म्हणाले, "अहो नाखवा, मी तर जन्मभर वाळलेल्या मासळीवरच पोट भरतोय!"

सगळे हसले. नाखवा हसला, आबा हसले, गाडीवाले हसले. त्या हसण्यात ते बोलणं वाहून गेलं. अब्बा हा किस्सा सांगायचे तो या वाक्यावर येऊन संपायचा आणि ऐकणारेही हसायचे.

दोन गाड्या एकापाठी एक जोडून होडी खोपोलीवरून घाटात चढवली. जादा बैल लावावे लागले. बोरघाटानं काय काय पाहिलं असेल, पण डोंगर चढणारी होडी त्यानंही पहिल्यांदाच पाहिली. लोणावळ्यात सगळा बाजार रस्त्यावर आला. भाजीवाल्या मावश्या ओरडल्या, "काय वो आबा, यंदा लईच पाऊस पडनार दिसतोय!" मशिदीतले मुल्लाजी बाहेर येऊन दाढी कुरवाळत म्हणाले, "नूह नबींची किश्ती प्रलयात डोंगराला लागली होती. त्यानंतर ही दुसरी." किसन नाळेवर बसून होता, पाय खाली सोडून. मला बघून ओरडला, "फातू, चढ की वर! मंबईला जायचं का होडीनं?" त्याला आभाळ ठेंगणं झालं होतं. आबा गाडीबरोबर चालत होते आणि होडीकडे न बघता त्याच्याकडेच बघत होते.

त्या हिवाळ्याची आठवण गोड आहे, आणि तीच जास्त छळते. किसन थोड्याच दिवसांत वल्हं मारायला शिकला. पडता, धडपडता, भलतीकडेच भरकटता एक दिवस होडी त्याचं ऐकायला लागली. कापून पलीकडेच राहिलेलं भात इकडे आलं. जाळं ओढून मासळी यायला लागली. आमच्या दुकानात पहिल्यांदाच ओल्या मासळीचा वास आला, आणि अम्मी म्हणाली, शी, काय हा वास! एकदा त्यानं मला आणि सगुणामावशींना मधोमध नेलं. हिवाळ्यातलं नितळ पाणी. वाकून बघितलं तर खाली दगडी जोती, बांध, पानं गेलेला आंबा. किसन वल्हं थांबवून म्हणाला, "आये, ह्ये बघ, आपल्या घरावर आलो." मावशींनी डोळे गच्च मिटून घेतले आणि घरी जाईपर्यंत उघडले नाहीत.

तो मुंबईचं नाव काढेनासा झाला. अब्बांनी एकदा मुद्दाम खोचून विचारलं, "काय रे, गिरणीचं काय झालं?" तो म्हणाला, "आता हिला सोडून कुटं जाऊ, चाचा?" आबा माझ्या अब्बांकडे बघून हसले. त्यांना तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. अब्बा म्हणाले, "पैसे वसूल!"

एक गोष्ट मात्र मला राहून राहून आठवते. एकदा जाळं कशात तरी अडकलं, आणि ओढून ओढून वर काढलं तर त्यात लाकडाचा खुंटा आला. काळा कुळकुळीत, लोखंडासारखा टणक. मावशींनी तो हातात घेतला आणि त्याच्यावरच्या खाचेवरून बोट फिरवलं. त्यांच्या गोठ्यातला दावणीचा खुंटा होता. दाव्यानं पडलेली खाच त्यांच्या ओळखीची होती. इतकी वर्षं पाण्याखाली राहून त्याला काही झालं नव्हतं. त्यांनी तो घरी नेऊन देवाजवळ, चुलीच्या उबेला उभा केला. चैत्रात तो वाळून त्याला उभी चीर पडली, बोट जाईल एवढी. मावशी हळहळल्या, "पान्यात बरा ऱ्हायला, आन घरात आणल्याव फुटला बघ." आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं. आणखी काय सांगायला हवं होतं आम्हाला? अल्लानं काय चिठ्ठी लिहून पाठवायची होती?

चैत्रातच धरणाचं पाणी मागं हटलं. काठापासून खाली नुसता भेगाळलेला गाळ. मासेमारी थांबली. आबांनी चार माणसं लावून होडी वर ओढून आणली आणि गोठ्यात दोन ओंडक्यांवर बसवली. बैल बाहेर चिंचेखाली आणि होडी आत. तिला त्यांनी करंजाचं तेल चोळलं. वाळवी लागू नये म्हणून खाली शेणीचा धूर केला. घरच्या सुनेचेसुद्धा कुणी असे लाड करत नाही. अब्बा बघायला गेले होते. त्यांना मात्र आठवण झाली. "धोंडीभाऊ, तो नाखवा म्हणाला होता ना, कोरडी ठेवू नका?"

आबा म्हणाले, "त्येचं खारं पानी, इब्राहिमभाऊ. मिटातली वस्तू टिकती, ह्ये तुमाला म्या सांगावं व्हय? हितलं पानी गोडं. गोड्या पान्यात लाकूड कुजतंय."

अब्बा जन्मभर मिठावर जगलेले. त्यांना ते शंभर टक्के पटलं. शेतकऱ्याला लाकूड कळत होतं, सुकटवाल्याला मीठ कळत होतं, आणि दोघांची अक्कल एकत्र येऊन असा पक्का निवाडा झाला की त्यात कुणाला खोट काढता येईना. मला त्या दोघांचा राग येतो. मग वाटतं, कुणाचा राग आणि कशाचा? दोघंही आपापल्या जागी खरंच बोलत होते.

आषाढात धरण भरलं. आवणीला सगुणामावशी मला दरसाल बोलवायच्या, आणि मला ते फार आवडायचं. आम्ही बाया आदल्या दिवशी पहाटेच निघून चालत वळशानं पलीकडे गेलो होतो. आबा आधीपासूनच तिथं बैल घेऊन चिखलणी करत होते. रोपं मात्र अलीकडे, घराजवळ वाढवलेली. ती उपटून, पेंढ्या बांधून किसन होडीतून आणणार होता. पेंढ्या डोक्यावरून वळशानं आणायच्या तर दिवस जातो. होडीनं चिलीम ओढून होईतो काम. त्याच्यासाठीच तर होडी!

आवणीच्या सकाळी शेजाऱ्यांनी ती उचलून पाण्यात सोडली, नारळ फोडला आणि लगेच पेंढ्या रचल्या. तळापासून काठापर्यंत हिरवीगार. तीन महिने गोठ्यात वाळून तिच्या फळ्या आखडल्या होत्या. सांधे उघडले होते, आत भरलेला कापूस सुटला होता. दोन दिवस पाण्यात नुसती ठेवली असती तर लाकूड फुगून सगळं मिटलं असतं, हे आम्हाला पुढं कळलं. पेंढ्यांखाली पाणी चढत होतं ते किसनला दिसलंच नाही.

आम्ही पलीकडून बघत होतो. रिमझिम होती, वारा होता. होडी मधोमध आली आणि मंदावली. आबा हात तोंडाशी नेऊन ओरडले, "दम खा रं, दम खा!" आम्हाला वाटलं, पोरगं दमलं. मग तो उभा राहिला आणि पेंढ्या उचलून पाण्यात फेकायला लागला. एक, दुसरी, मग दोन्ही हातांनी. सगुणामावशी बांधावरून किंचाळल्या, "अरं मुडद्या, रोपं का टाकतोयस? वरीसभर काय माती खायची का?"

आईचं त्याच्याशी हे शेवटचं बोलणं.

होडी बुडताना आवाज झाला नाही. ती खाली बसली आणि किसन पाण्यात दिसला. त्याला पोहता येत होतं, नदीकाठचंच पोर. पण अंगावर घोंगडी, भिजून धोंड्यासारखी झालेली, आणि खाली पाण्यात जुन्या झाडांच्या फांद्या. आबा पाण्यात शिरले ते गळ्यापर्यंत, आणि तिथं त्यांना दोघांनी धरलं. दुसरी होडी नव्हती. सगळ्या धरणात होडी ती एकच. मग पाण्यावर नुसत्या पेंढ्या राहिल्या, हिरव्या, पसरत चाललेल्या, आणि वाऱ्यानं एकेक करून आमच्याच काठाला यायला लागल्या.

उपटलेलं रोप थांबत नाही. दोन-तीन दिवसांत खाचरात नाही गेलं तर पिवळं पडतं. आबांच्या घरात कुणी चिखलाला हात लावण्याच्या अवस्थेत नव्हतं, म्हणून वाडीतल्या बायांनी त्या पेंढ्या काठावरून गोळा केल्या आणि लावल्या. मीही लावल्या. कुणी बोलत नव्हतं, आवणीचं गाणं नाही, काही नाही. किसन तोवर सापडलाही नव्हता. ते भात कार्तिकात असं आलं, की बघत राहावं. मावशींनी त्यातला एक दाणा घरात घेतला नाही. "तुमी न्या," म्हणाल्या अब्बांना. अब्बा काय नेणार! ते बैलाच्या गव्हाणीत गेलं, आणि मावळातल्या माणसानं पिकलेलं भात बैलाला घातलं, हे मी तेव्हा एकदाच पाहिलं.

किसन सापडला, त्याचं सगळं झालं. त्यानंतर कुणीतरी सांगितलं की होडी खालच्या अंगाला झाडीत अडकली आहे. लाकूडच ते, तळाला जात नाही. काठोकाठ भरून पाण्यात नुसती लोंबत होती. आबा आणि अब्बा गेले. दोघांनी दोर लावून तिला उथळात आणली. अब्बा म्हणत होते, जाळून टाकू. आबांनी एक डबा घेतला आणि आतलं पाणी उपसायला लागले. सगळं उपसलं. मग आत बसून तळाकडे बघत राहिले. अब्बा सांगायचे की थेंब आत आला नाही. एक थेंब नाही. इतके दिवस पाण्यात राहून फळ्या फुगल्या होत्या, सांधे मिटले होते. आबा दुपारभर त्या कोरड्या तळावर हात फिरवत बसले होते.

अब्बांनी त्यानंतर दुकानात ती थट्टा केली नाही. जुनं गिऱ्हाईक मुद्दाम विचारायचं, "माल ताजा आहे ना?" आणि वाट बघायचं. अब्बा नुसतं "हो" म्हणायचे आणि तराजू उचलायचे.

आता इतक्या वर्षांनी, मागचं दार लावून बसले की मी तोच हिशेब करते. होडी महाग पडली का? हौसेला मोल नाही म्हणतात, पण ती हौस नव्हती. होडी घेतली नसती तर किसन गिरणीत गेला असता. तिथं त्याच्या फुप्फुसात कापूस गेला असता, महिन्याला चार ओळी आल्या असत्या, दिवाळीला बर्फी घेऊन घरी आला असता आणि म्हणाला असता, फातू, इथं सुकटीचा वास येतो. असता. एवढा एक शब्द मिळायला आबांनी आणखी दोन गडू ओतले असते. पण बाजारात किंमत आधी विचारतात आणि मोल नंतर कळतं, याला कुणाचा इलाज नाही.

आबांनी होडी विकली नाही आणि जाळलीही नाही. चालवलीसुद्धा नाही. पण त्यांनी तिला पुन्हा कधी कोरडी ठेवली नाही. उन्हाळ्यात पाणी मागं सरायला लागलं की रोज सकाळी गाळ तुडवत जायचे आणि होडी पाण्यामागं ढकलून यायचे. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. सगुणामावशी आबांची भाकरी घेऊन काठावर बसायच्या.

पुढच्या वर्षी, आवणीच्या तोंडावर, पाण्याकाठच्या दुसऱ्या एका वाडीतला माणूस आला. मी आणि अब्बा तिथंच होतो. बिचारा चाचरत होता. विचारावं तर जखमेवर मीठ, न विचारावं तर जाणार कुणाकडे? शेवटी म्हणाला, "आबा, राग मानू नका. आमी बी होडी घ्यावी म्हंतोय. किमतीला पुरती का?"

अब्बांनी मान खाली घातली. आबा पाण्यातल्या होडीकडे बघत म्हणाले, "पुरती. चांगली वस्तू हाय. घ्या."

त्या माणसाला हे अपेक्षित नव्हतं.

"फकस्त कोरडी ठिवू नका," आबा म्हणाले.

तो माणूस कसंनुसं हसला. "आबा, आन पान्यात लाकूड कुजायचं न्हाई का?"

आबांनी त्याचं मनगट धरलं. त्याला ओढत पाण्यात नेलं, गुडघ्याइतक्या, आणि त्याचा पंजा होडीच्या सांध्यावर दाबून धरला. "कुजत न्हाई. पोरं हायेत तुला?"

"व्हय. दोन."

"मग बोल माज्यापुढं. होडी कोरडी ठेवनार न्हाई. बोल."

तो हसत हसत बोलला. आबांनी हात सोडला नाही. "पुन्ना बोल." तो पुन्हा बोलला. आबांनी त्याला ते तिसऱ्यांदा म्हणायला लावलं, आणि तिसऱ्यांदा म्हणताना तो हसत नव्हता.